धुंधुरमासांतील शेवटची पंगत

हिंवाळ्यांतील सुखाचें जेवण कोणतें, असा प्रश्न केला, तर देशावरचा मनुष्य बाजरीची भाकरी व वांग्याचें भरीत हें उत्तर देईल, खानदेशांतला कळण्याची भाकरी म्हणेल, आणि कोंकणांतल्याच्या डोळ्यांपुढें कुळथाचें पिठलें व मऊ भात उभा राहील. पदार्थ निराळे, पण त्या सर्वांस जोडणारा शब्द एकच: ‘ऊन ऊन’. पाककृतींच्या पुस्तकांत हा शब्द अगदीं शेवटच्या ओळींत येतो, ‘ऊन ऊन वाढावें’ म्हणून. कोणीं वाढावें, आणि वाढणारीनें स्वतः केव्हां जेवावें, ह्याची वाच्यता तेथें नसते; पुस्तकाचें तें कामही नव्हे. परंतु ज्या घरांत पंधरा-वीस पानें मांडलीं जातात तेथें हा प्रश्न रोजचा आहे, आणि थंडीच्या दिवसांत तो विशेष बोंचतो. आमच्या घरीं तो कसा निघाला व त्याचा निकाल कसा लागला, तें सांगण्यासारखें वाटल्यावरून हें लिहीत आहें.

प्रसंग धुंधुरमासाचा. सूर्य धनु राशींत असतो तो महिना, म्हणजे सुमारें १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा, तो धनुर्मास. बोलण्यांत त्याचा धुंधुरमास किंवा झुंजुरमास झाला. ह्या महिन्यांत पहाटे स्वयंपाक करून उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवावयाचा आणि लगोलग पानावर बसावयाचें. कोणी महिनाभर पाळीत. आमच्यासारखे पुष्कळ जण सोयीचा एक रविवार धरीत. धर्मशास्त्राचा भाग विद्वानांकडे सोडला तरी वैद्यकाचा आधार मोठा सरळ आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयांत हेमंत ऋतूचें वर्णन आहे. रात्री मोठ्या असल्यामुळें ह्या दिवसांत मनुष्यास सकाळींच भूक लागते, आणि थंडीनें आंत कोंडलेला जठराग्नि प्रबळ होऊन, इंधन न मिळाल्यास शरीरांतील धातूंसच जाळूं लागतो, असें त्यांत सांगितलें आहे. नाशिकास जानेवारीच्या आरंभीं सूर्य उगवतो तो सात वाजून गेल्यावर. आदल्या रात्रीं आठ वाजतां जेवलेल्या माणसाच्या पोटांत तोंवर वाग्भट बोलूं लागलेला असतो.

माझें माहेर रत्नागिरी जिल्ह्यांतलें. तेथें थंडी पाहुणीसारखी येते. पहाटे पांघरूण ओढून घ्यावें, इतकाच तिचा मुक्काम. १९७१ सालीं लग्न होऊन मी नाशिकच्या वाड्यांत आलें, तेव्हां बाजरीचें पीठ मीं प्रथमच हातांत घेतलें. वाड्यांत त्या वेळीं एकोणीस माणसें होतीं. मामंजी वकिली करीत. त्यांच्या वडील भगिनी, आम्हां सर्वांच्या आत्याबाई, लहानपणींच वैधव्य येऊन भावाकडे राहिलेल्या. सासूबाई, तिघे भाऊ, आम्ही तिघी जावा, एक वन्सं, आणि मुलें व शिक्षणासाठीं येऊन राहिलेले नातलग मिळून बाकीचीं. धुंधुरमासाच्या आदल्या दिवशीं दुपारपासूनच घरांत लगबग सुरू होई. मिरीं व आलें घातलेली मुगाच्या डाळीची खिचडी, निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्याचें भरीत, पावटे, ओला हरभरा, गाजर असें हातीं लागेल तें घालून केलेली लेकुरवाळी भाजी, तिळाची चटणी, कढी, पहाटे घुसळून काढलेलें लोणी, आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, असा बेत ठरलेला असे. चातुर्मासांत आमच्याकडे वांगें वर्ज्य. तें चंपाषष्ठीस भरताच्या रूपानें घरांत परत येई, त्यामुळें धुंधुरमासापर्यंत त्याचें नवेपण टिकून असे. खिचडीवर तूप किती घालावें ह्याविषयीं मामंजी व डॉक्टर यांचें मत कधींच जुळलें नाहीं.

ह्या सर्वांत बाजरीची भाकरी हीच खरी मानी. बाजरींत गव्हापेक्षां व ज्वारीपेक्षां स्निग्धांश अधिक, म्हणून तिचें पीठ लवकर खवटतें. आठवड्यापूर्वीं दळलेल्या पिठाची भाकरी कडू लागते, आणि मग दोष करणारीच्या हातास येतो. गव्हाच्या कणकेस जो चिवटपणा असतो तो हिच्यांत मुळींच नाहीं. म्हणून कढत पाण्यानें पीठ भिजवावें, एका भाकरीपुरताच गोळा घ्यावा, आणि मनगटाजवळच्या तळव्यानें तो असा रगडावा कीं थापतांना कडा फुटूं नयेत. तव्यावर टाकतांना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवावयाचा. तें पाणी पुरतें सुकण्याच्या आंत उलटावयाची. आणि दुसरी बाजू शेकली कीं निखाऱ्यासमोर उभी करावयाची, म्हणजे ती टम्म फुगते. पापुद्रा फोडून आंत लोण्याचा गोळा सोडला कीं जी वाफ वर येते, तिच्यासाठींच तर पहाटे चारला उठावयाचें. परंतु त्या क्षणापासून भाकरीचें आयुष्य पांच-सात मिनिटांचें. थंड होऊं लागली कीं तिच्यांतलें पिष्ट घट्ट होत जातें. फडक्यांत गुंडाळून ठेवावी तर स्वतःच्या वाफेनें ओलावून वातड होते, उघडी ठेवावी तर कडक. तिसरा मार्ग नाहीं.

आतां पंगतीचा क्रम पहा. नैवेद्य झाला कीं मामंजी, मुलगे, पाहुणे व मुलें पहिल्या पंगतीस बसत. सासूबाई थापीत, थोरल्या जाऊबाई भाजीत, मी वाढीत असें, आणि धाकट्या जाऊबाई लांकडें सारीत व पाणी तापवीत. पहिली पंगत हातांत भाकरी घेऊन, वाफेनें बोटें भाजत, ‘आणखी एक’ म्हणत असे, आणि तें ऐकतांना सासूबाईंच्या मुद्रेवर खरोखरच समाधान दिसे. तें खोटें होतें असें मी म्हणणार नाहीं. दुसऱ्या पंगतीला उशिरा उठलेलीं मुलें व गडीमाणसें. ह्या दोन पंगती आटोपून चूल सावरेपर्यंत नऊ वाजून जात. मग आम्ही बायका बसावयाचें. शेवटच्या पांच-सहा भाकऱ्या टोपल्यांत असत, तासाभरापूर्वींच्या. त्या कुस्करून कढींत बुडवावयाच्या, म्हणजे उतरत. ज्या जेवणाचें सारें माहात्म्य सूर्योदयाशीं व वाफेशीं जोडलेलें, तें करणारणीच्या वांट्यास उन्हें वर आल्यावर, वाफ गेल्यावर येई. ह्यांत कोणाचा दुष्टपणा नव्हता. चूल एका ठिकाणीं आणि पानें दुसऱ्या ठिकाणीं असलीं, आणि पीठ लागलेल्या हातांनीं जेवतां येत नसलें, कीं असें होणारच, असें सर्वच धरून चालत.

१९८६ च्या धुंधुरमासांत थोरल्या जाऊबाईंची नवी सून घरांत होती. मुलगी पुण्याची, बँकेंत नोकरी करणारी, बोलण्यांत मऊ पण स्पष्ट. शेवटच्या पंगतींत कढीची वाटी पुढें ओढतांना तिनें आपल्या आजेसासूबाईंस सहज विचारलें, ‘आजी, तव्यावरची भाकरी तुम्ही शेवटची केव्हां खाल्लीत हो?’

सासूबाई हंसल्या. मग खरोखरच आठवूं लागल्या. आम्ही सगळ्या जणी हात थांबवून बसलों होतों. बऱ्याच वेळानें त्या म्हणाल्या, ‘माहेरीं. लग्नाच्या आदल्या पौषांत. आईनें माझ्या पानांत टाकली होती.’

सासूबाईंचें लग्न १९३३ सालचें.

त्यांच्या बोलण्यांत तक्रार नव्हती. एखादी वस्तु फडताळांत कोठें ठेवली तें आठवून सांगावें तसा सूर होता. तक्रार असती तर तिला उत्तर देतां आलें असतें. ही गोष्ट दुपारपर्यंत घरभर झाली, आणि संध्याकाळीं सोप्यावर तिची चर्चाही निघाली. धाकटे भावजी म्हणाले कीं पुढल्या वर्षीं बायकांची पंगत पहिली करूं, वाढावयास आम्ही आहों. त्यावर आत्याबाई संतापल्या. ‘रांधणारीनें आधीं जेवलें तर ती अन्नपूर्णा कसली?’ असें त्या म्हणाल्या, आणि त्या रात्रीं त्यांनीं फराळालाही नकार दिला. तरुण मंडळींस हा हटवादीपणा वाटला. मला तसें वाटलें नाहीं, आजही वाटत नाहीं. ज्या बाईनें सारें आयुष्य शेवटीं व थोडें जेवून काढलें आणि तेंच आपलें पुण्य मानलें, तिला तें सर्व अनावश्यक होतें असें सांगणें म्हणजे तिची एकुलती एक ठेव खोटी ठरविणें होय. सुधारणा करणारांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें.

मामंजींनीं त्या दिवशीं मत दिलें नाहीं. पुढल्या वर्षीं मात्र पाट मांडतांच ते म्हणाले, ‘मी शेवटच्या पंगतीला बसेन.’ सासूबाईंनीं परोपरीनें सांगून पाहिलें. ते वर्तमानपत्र घेऊन बसले ते नऊपर्यंत. मग आमच्यासमवेत टोपल्यांतली भाकरी त्यांनीं मोडली. पहिला घांस बराच वेळ चावून ते म्हणाले, ‘ही तुम्ही रोज खातां?’

‘रोज नाहीं,’ सासूबाई म्हणाल्या, ‘रोज पोळ्या असतात.’

तोड निघाली ती अशी. पहिली भाकरी देवाची, हें कायम. नैवेद्य झाल्यावर करणारीनें जेवूं नये असें कोठें सांगितलेलें नाहीं, हें आमच्या उपाध्यायांनीं आत्याबाईंस शांतपणें समजाविलें. अडचण खरकट्या हातांची. ती पाळ्या लावून सुटली. पंगत एकच, माजघरांत, आणि गॅसची शेगडी व काठवट तेथेंच एका बाजूस. तव्यावरून उतरलेली प्रत्येक भाकरी चार तुकडे होऊन फिरावयाची, म्हणजे कोणास पूर्ण नाहीं पण सर्वांस ऊन चतकोर. आठ भाकऱ्या झाल्या कीं थापणारीनें उठावें, हात धुवून पानावर बसावें, आणि पुढचीनें पीठ घ्यावें. धाकटे भावजी दोन रविवार आधींपासून शिकत होते. त्यांची भाकरी मध्यें जाड आणि कडेला नकाशासारखी होई, पण पाळी त्यांनीं चुकविली नाहीं. सासूबाईंना सर्वांत आधीं बसविलें. त्यांनीं लोण्यासह चतकोर तोंडांत घातला. सगळें घर त्यांच्याकडे पाहत होतें. ‘विस्तव जरा कमी कर,’ एवढेंच त्या म्हणाल्या, आणि दुसरा चतकोर मागून घेतला. आत्याबाई त्या वर्षीं शेवटींच जेवल्या, आणि त्यानंतरच्या सर्व वर्षीं. त्यांच्यासाठीं शेवटची भाकरी ताजी टाकावयाची, हा नियम माझ्या थोरल्या जाऊबाईंनीं कोणास न विचारतां घालून दिला.

तीं वडील माणसें आतां राहिलीं नाहींत. वाडा २००८ सालीं पाडला, तिन्ही बिऱ्हाडें तीन ठिकाणीं गेलीं. तरी धनुर्मासांतला एक रविवार टिकून आहे. ज्याच्या सदनिकेंत मोठी खोली त्याच्याकडे सारीं जमतों. चुलीचे निखारे गेले, जाळीवर भाकरी फुगते. वास उणा, हें कबूल. २०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून पाळलें, तेव्हां आमच्या नातवंडांस बाजरी एकाएकीं फार शहाणी वाटूं लागली. आम्हीही त्यांचा उत्साह मोडला नाहीं.

यंदा मात्र पेंच आहे. थोरल्या जाऊबाई पंचाऐंशीच्या झाल्या, त्यांचा हात कांपतो. माझ्या मनगटास आठ भाकऱ्यांची पाळी झेपत नाहीं. मुलांनीं सुचविलें कीं भाकऱ्या पोळीभाजी केंद्रांतून मागवाव्या. बाकीचें घरीं करूं. त्या केंद्रांवर माझा राग नाहीं. कित्येक बायकांचे संसार त्यांवर चालतात, आणि नोकरी करणाऱ्या सुनेनें रोज विकतची पोळी आणली तर मी तिला एका अक्षरानें बोलत नाहीं. पण डब्यांत बंद होऊन गाडीवरून अर्ध्या तासानें येणारी बाजरीची भाकरी म्हणजे आमच्या जुन्या टोपल्यांतलीच भाकरी. फरक इतकाच कीं आतां ती सर्वांच्याच पानांत पडेल. समतेचा हा प्रकार मला पसंत नाहीं, असें मीं सांगितलें. त्यावर मोठा वाद झाला. १९८६ सालीं जिनें प्रश्न विचारला होता ती सून आतां बँकेंतून निवृत्त झाली आहे. तिनें चार पाळ्या लिहून भिंतीवर कागद लावला. पहिली तिची, दुसरी तिच्या मुलाची, तिसरी माझ्या नातीची, आणि चौथी धाकट्या भावजींची, त्यांच्या हट्टावरून. थोरल्या जाऊबाईंनीं पाटावर बसून नुसतें सांगावयाचें.

नातीचा सराव चालू आहे. तिच्या चार भाकऱ्यांत एक फुगते. पीठ मात्र शनिवारीं संध्याकाळींच दळून आणावयाचें, दुकानांतली बांधलेली पिशवी चालणार नाहीं, हें मीं आतांपासूनच बजावून ठेविलें आहे.