दयेचे माप

चिंचवड स्टेशन परिसरातील व्यापारी कुटुंबांचा व्यवहार गेल्या काही दशकांत हळूहळू चाकणच्या दिशेने सरकला. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले आणि त्यांना पुठ्ठ्याची खोकी, नट-बोल्ट, रंग, दोरखंड पुरवणाऱ्या पेढ्याही त्यांच्या मागोमाग गेल्या. व्यवहाराबरोबर जमीन आली. आंबेठाण रस्त्याला एखादा एकराचा तुकडा, त्याला तारेचे कुंपण, दोन खोल्या आणि आंब्याची काही झाडे, ही अनेक घरांची रविवारची जागा झाली. अशा जागेवर पूर्वी गाय असे, आता हौस बदलली आहे. कमरेएवढ्या उंचीची लहान तट्टे पाळण्याकडे काही घरांचा कल दिसतो. मुलांना ती आवडतात, पाहुण्यांना दाखवता येतात आणि मोठ्या घोड्याची भीती त्यांच्याबाबतीत वाटत नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्यांचा व्यवसाय असलेल्या एका कुटुंबाने अशीच दोन तट्टे आणली. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथून एक नर व एक मादी टेम्पोतून चाकणला आली. घरातील तीन पिढ्यांनी त्यांचे स्वागत केले. आजींनी गूळ-हरभरा भरवला, सुनांनी हळदी-कुंकू लावले, नातवंडांनी नावे ठेवली. पुढचे सहा महिने त्या दोन प्राण्यांना प्रेमाची कमतरता पडली नाही, आणि खरे संकट त्या प्रेमातूनच उभे राहिले.

लहान घोडा म्हणजे मोठ्या घोड्याची छोटी प्रतिकृती, अशी सर्वसाधारण समजूत असते. शरीराच्या ठेवणीपुरती ती खरी आहे, पचनाच्या बाबतीत मात्र अपुरी ठरते. शेटलंडसारख्या थंड, ओसाड बेटांवरची तट्टे असोत किंवा आपल्या दख्खनच्या माळावरची, या प्राण्यांच्या अनेक पिढ्या निकृष्ट चाऱ्यावर जगल्या. थोड्यात भागवणे आणि मिळालेले साठवणे हा त्यांच्या देहाचा स्वभाव बनला. अशा देहापुढे रोज चंदीचा तोबरा ठेवणे म्हणजे काटकसरीने वाढलेल्या माणसाला अचानक पक्वान्नांच्या पंगतीत कायमचे बसवण्यासारखे आहे.

याचे जवळचे उदाहरण भीमथडीचे तट्टू. भीमा नदी भीमाशंकरला उगम पावून खेड तालुक्यातून पुढे जाते. चाकण याच तालुक्यात आहे. तिच्या खोऱ्यात वाढलेली ही तट्टे मराठ्यांच्या घोडदळात होती, राज्यगीतातही त्यांचा उल्लेख येतो. 2023 मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. ही जात आज टिकली आहे ती प्रामुख्याने धनगर मेंढपाळांमुळे. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कोंबड्या, कधी नुकतेच जन्मलेले कोकरू असा सारा संसार पाठीवर घेऊन ती वाड्याबरोबर चालतात आणि वाटेत मिळेल ते गवत खातात. त्यांच्यासाठी कोणी गव्हाण बांधत नाही. तरीही त्यांचे खूर टणक आणि पोट आटोपशीर असते.

चाकणच्या त्या जागेवर मात्र चित्र उलट होते. सकाळी भिजवलेला हरभरा, दुपारी गव्हाचा कोंडा, संध्याकाळी उरलेल्या पोळ्या, रविवारी पाहुण्यांच्या हातचा गूळ आणि पेढे. ‘मुक्या जिवाला काय कळते, त्याला पोटभर मिळाले पाहिजे,’ हे आजींचे म्हणणे होते आणि ते कोणी खोडून काढत नव्हते. दोन्ही तट्टे गोलमटोल झाली. मानेवर चरबीचा कठीण पट्टा आला, तो पाहून येणारे जाणारे ‘छान अंग धरले आहे’ असे म्हणत. व्यापाऱ्याला खरे तर ठाऊक असते की गोदामात माल वाढत गेला म्हणजे धंदा वाढला असे नव्हे.

आषाढात पाऊस स्थिरावला, कुंपणात लुसलुशीत हिरवे गवत उगवले आणि चंदीत त्याचीही भर पडली. एका सकाळी नर तट्टू जागचे हलेना. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून, सारा भार मागच्या पायांवर टाकून ते उभे होते. वळताना कण्हत होते. खुरांना हात लावला तर ते गरम लागत. पशुवैद्य आले आणि त्यांनी निदान सांगितले, लॅमिनायटिस. खुराच्या कठीण कवचाला आतील हाडाशी बांधून ठेवणाऱ्या नाजूक पडद्यांचा हा दाह असतो. पिष्टमय आणि साखरेचा खुराक अति झाला की हा विकार उद्भवू शकतो. तो वाढला तर हाड खुरात फिरते किंवा खाली सरकते आणि मग जनावर पुन्हा धड उभे राहत नाही.

उपचार सुरू झाले. चंदी पूर्ण बंद, हिरवे गवत बंद, मऊ वाळूचा बिछाना, खुरांवर थंड पाणी, वेदनाशामक औषध आणि चालवण्याची सक्ती नाही. मात्र वैद्यांनी एक इशाराही दिला. घरातील एका तरुणाने घाबरून ‘दोन दिवस काहीच देऊ नये का?’ असे विचारले होते. त्यावर ते म्हणाले की लठ्ठ तट्टाला एकाएकी उपाशी ठेवणे हा दुसरा धोका आहे. अन्न थांबताच त्याच्या अंगातील चरबी वेगाने रक्तात उतरते, यकृत ती पेलू शकत नाही आणि काही दिवसांत प्राण जाऊ शकतो. लहान जातींत ही भीती विशेष असते. म्हणजे अति देणे घातक आणि न देणेही घातक. मधली वाट मोजूनच काढावी लागते.

ती वाट अशी. प्रथम वजनाचा अंदाज. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे. त्या तट्टाचा घेर 110 आणि लांबी 105 भरली. वजन निघाले सुमारे 107 किलो. दिवसाचा सुका चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के धरतात, म्हणजे येथे साधारण 1,600 ते 2,100 ग्रॅम. हा चारा एकदम न टाकता चार-पाच वेळा विभागून, शक्यतो बारीक जाळीत भरून द्यावा. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते. थोडे थोडे सतत चघळत राहण्यासाठीच ते घडले आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे चुकीचे पोटात गेलेले बाहेर पडण्याचा तो मार्गही त्याला नाही. पोटशूळ उठतो तो यामुळे.

चाऱ्यात सुके डोंगरी गवत उत्तम. कडबा स्वच्छ आणि बुरशी नसलेला असावा. पावसाळ्यात गंजीच्या तळाची, कुबट वास येणारी वैरण फेकून द्यावी, ती गाईपुढेही टाकू नये. स्वच्छ पाणी आणि मिठाचा खडा सदैव समोर असावा. खुराकात कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. गाई-म्हशींसाठी किंवा कोंबड्यांसाठी तयार केलेले खाद्य घोड्याला देऊ नये. त्यांपैकी काहींत मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असते, गुरांना ते चालते, घोड्याच्या हृदयाला ते घातक ठरते.

या औद्योगिक पट्ट्यात आणखी काही पथ्ये जोडावी लागतात. महामार्गांच्या दुभाजकांत आणि सोसायट्यांच्या बागांत कण्हेर सर्रास लावलेली असते. तिची थोडी पानेही घोड्याचा जीव घेण्यास पुरेशी आहेत. छाटलेल्या हिरवळीचा ढीग काही तासांत तापून आंबतो, तोही टाळावा. कारखान्यांच्या उपाहारगृहातील उरलेला भात आणि पाव ‘वाया जाऊ नये’ म्हणून कोणी आणून देतो, त्याला हात जोडून नकार द्यावा. मोडक्या लाकडी चौकटींचे खिळे आणि खोक्यांच्या प्लॅस्टिक पट्ट्या आवारात राहू नयेत. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार प्रसिद्ध आहे, तेथील टाकाऊ मालही जनावरांपुढे पडतो. कांद्याने घोड्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि हिरवट किंवा मोड आलेला बटाटा विषारी असतो. ज्या घरात कंदमुळे वर्ज्य, त्या घराच्या दारातील तट्टालाही ती वर्ज्यच राहिली, याचे आजींना त्या काळजीतही हसू आले.

आहाराइतकाच प्रश्न वागणुकीचा होता. मादी तट्टू चावू लागले होते. खिसे हुंगायचे, खाऊ न मिळाल्यास दात लावायचे, मुले पळाली की मागे धावायचे. वजनाने शंभर किलोच असले तरी त्याचा दात आणि लाथ खेळण्यातली नसते. लहान आहे म्हणून जे खपवून घेतले जाते, ते मोठ्या घोड्यात कोणीही खपवून घेणार नाही. ‘साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये’ ही म्हण उंची पाहून बदलत नाही.

उपाय साधे निघाले, अवघड होते ते सर्वांनी एकसारखे पाळणे. हातावर खाऊ बंद, जे द्यायचे ते गव्हाणीतच. दोघांच्या गव्हाणी दूर. मुलांनी कान पाहायला शिकावे, कान मागे चिकटले की दोन पावले दूर व्हावे. शिकवताना मारहाण नाही. दोरीचा हलका ताण द्यावा आणि जनावराने योग्य पाऊल टाकताच त्याच क्षणी तो सैल करावा, घोडा त्या सैल होण्यातून शिकतो. रोज एकाच माणसाने खरारा करावा, खूर साफ करावेत. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर कापून घ्यावेत. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, वर्षातून एकदा दातांची तपासणी ही खर्चाची कायम बाजू समजावी. घोडा कळपाचा प्राणी आहे, म्हणून एकटा ठेवू नये. दिवसभर अगाडी-पिछाडीने जखडून ठेवलेले जनावर रात्री शहाणे होत नाही, मोकळ्या फिरण्याने होते.

वाढदिवसाला आलेल्या मुलांना पाठीवर बसवण्याचाही हिशेब झाला. वजनाच्या सुमारे पाचव्या भागापेक्षा अधिक ओझे घोड्यावर घालू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. 107 किलोच्या तट्टाला तो 21 किलोच्या आसपास येतो. म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलापलीकडे कोणीही नाही, आणि आजारी तट्टावर तेही नाही. 1965 च्या केंद्रीय नियमांत ओझे वाहणाऱ्या तट्टासाठी 70 किलोची मर्यादा आहे, पण ती मोठ्या चणीच्या तट्टांसाठी समजायची.

त्या दिवसांत आखाडाच्या पावसात अडकलेला एक मेंढपाळ शेजारच्या पडीक रानात थांबला होता. कुंपणापाशी येऊन त्याने दोन्ही तट्टांकडे पाहिले आणि आजोबांना म्हणाला, ‘शेठ, घोड्याला कोठार दावू नका, रान दावा.’ वैद्यांच्या कागदावरचे सारे सल्ले त्या एका वाक्यात आले होते.

तरीही आजींचे मन मानत नव्हते. श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार त्यांना तोंडपाठ होते: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, अति ओझे लादणे, अन्नपाणी रोखणे. ही यादी वाचताना ती आश्रित जनावरांना समोर ठेवूनच केली असावी, असे वाटते. पहिल्या चारांबद्दल घरात मतभेद नव्हता. पाचव्यापाशी अडत होते. ‘आजारी जिवाच्या तोंडचा घास आपल्याच हाताने काढायचा? हा दोष कोणाच्या माथी?’ असे त्या विचारत, आणि गोठ्याकडे जाताना पदराआड गुळाचा खडा असे.

वाद घालून हा प्रश्न सुटला नसता. तो सुटला आयंबिलच्या ताटावर. चातुर्मास सुरू झाला होता, सुनेने आयंबिल केले होते. तूप, तेल, दूध, गूळ काही नसलेले ते कोरडे अन्न वाढताना आजी थांबल्या. हे अन्न रोखणे नव्हे, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. रसत्याग वेगळा आणि अनशन वेगळे, हा भेद त्या पन्नास वर्षे पाळत आल्या होत्या. तट्टाला सुके गवत दिवसभर मिळते, पाणी मिळते, त्याची गव्हाण रिकामी नसते, थांबला आहे तो फक्त गूळ. मग निरोध कसला?

पण त्यांनी त्याच्या पुढचाही विचार केला. तप माणूस स्वेच्छेने करतो. जनावर पच्चक्खाण घेत नाही, त्याच्या त्यागाचे पुण्य त्याच्या नावे मांडता येत नाही. संयम पाळायचा आहे तो देणाऱ्या हाताने. म्हणून त्या दिवशी त्यांनी स्वतःच नियम घेतला, तट्टाला हाताने गोड भरवायचे नाही. पाहुण्यांना थांबवण्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले, आणि ज्या घरात आजींचा नियम असतो तेथे इतरांना वेगळी ताकीद लागत नाही.

नर तट्टू वाचले. दिवाळीपर्यंत ते चालू लागले, पण पाठीवर कोणी बसावे असे ते आता राहिलेले नाही. मादीचे पोट उतरले, चावणे बहुतेक थांबले. लग्नसराईत वरघोड्यासाठी एका नातेवाइकाने दोघांना सजवून मागितले, तेव्हा ढोल-ताशांच्या गजरात त्यांना नेण्यास आजोबांनी नकार दिला. नातेवाईक थोडे रागावले. नातवंडे आता रविवारी खाऊऐवजी खरारा आणि तराजू घेऊन जातात. गवत तोलून जाळीत भरणे हाच त्यांचा खेळ झाला आहे.

व्यापारी घराला मापाची लाज नसते. दुकानात तोलून देणे हा प्रामाणिकपणा मानला जातो. दया मात्र न तोलता द्यावी, असा संस्कार आपण नकळत धरून बसतो. ज्या जिवाला स्वतःचे पथ्य सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत तराजू हातात घेणे हेही करुणेचेच काम आहे. मापात दिलेला घास कमी वाटला तरी तो त्या जिवाच्या गरजेचा असतो, आणि ओंजळ भरभरून दिलेला पुष्कळदा देणाऱ्याच्या समाधानाचा.