झांकलेलीं नांवें

मद्याविषयीं कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत लिहावयाचें म्हणजे कित्येक वाचकांच्या भुवया वर जाणार, हें मी जाणून आहें. म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, आमच्या वाड्यांत मद्याची बाटली कधीं आली नाहीं व माझ्या ओठांनाही तें कधीं लागलें नाहीं. तरीपण चार बाटल्यांनीं एका संध्याकाळीं मला माझीच परीक्षा घ्यावयास लाविलें, ती हकीकत सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

गेल्या वर्षीं मी कॅलिफोर्नियांत पुतण्याकडे तीन महिने राहिलों होतों. त्याला व त्याच्या पांच मित्रांना जुन्या लाल वाइनचा शोक. वर्षांतून एकदां निरनिराळ्या प्रांतांच्या बाटल्या जमवावयाच्या, त्यांवरील नांवें झांकावयाचीं आणि केवळ रंग, वास व चव यांवरून गुण द्यावयाचे, असा त्यांचा परिपाठ आहे. या खेपेस पुतण्यानें मलाच गळ घातली. “काका, तुम्ही पीत नाहीं, म्हणूनच हें काम तुमचें. बाटल्या तुम्हीच गुंडाळा आणि तुम्हीच वाढा. कोणती कोठली, हें तुमच्यावांचून कोणाला कळतां कामा नये.” सूनबाई हसून म्हणाली, “काकांनीं तीस वर्षें पेपर तपासले आहेत. याहून निःपक्षपाती माणूस कोठून मिळणार?” तिचें तें बोलणें मला किंचित् बोचलें. कां, तें पुढें येईलच.

बाटल्या चार होत्या : फ्रान्समधील बोर्दोची, कॅलिफोर्नियाच्याच नापा खोऱ्यांतील, स्पेनमधील रिओहाची आणि इटलींतील बारोलोची. चारही १९९५ ते १९९७ या सालांतल्या. आदल्या दिवसापासून त्या उभ्या ठेवल्या होत्या, कारण जुन्या वाइनला गाळ असतो. द्राक्षांच्या सालींतून व बियांतून रसांत एक तुरटपणा उतरतो. सुपारी चघळतांना किंवा फार उकळलेला कोरा चहा पितांना जिभेला जाणवतो, तसलाच तो. वर्षें लोटतात तसतसे त्याचे कण एकमेकांना बिलगून जड होतात व तळाशीं बसतात. त्यामुळें चव मवाळ होते आणि जांभळासारखा रंग हळूहळू विटेसारखा होऊं लागतो. बाटलीच्या मानेमागें मेणबत्ती धरून, गाळ दिसूं लागतांच हात थांबवावयाचा, हेंही मला शिकविण्यांत आलें. आमच्या आजी कढविलेलें तूप जशा हलक्या हातानें ओतीत, तसेंच मीं तें ओतलें.

पेले भरतां भरतां पुतण्यानें या खेळाची पूर्वपीठिका सांगितली. २४ मे १९७६ रोजीं स्टीव्हन स्परियर या पॅरिसमधील इंग्रज मद्यव्यापाऱ्यानें अशीच एक परीक्षा घेतली. परीक्षक नऊ आणि सारे फ्रेंच. लाल वाइन दहा; चार बोर्दोच्या, सहा कॅलिफोर्नियाच्या. पहिला क्रमांक आला स्टॅग्ज लीप या नापांतील मळ्याच्या १९७३ सालच्या वाइनला, आणि बोर्दोची जगद्विख्यात मूतों-रोतशील्द दुसरी आली. निकाल ऐकून एका परीक्षिकेनें आपली गुणपत्रिकाच परत मागितली म्हणतात. पुढें असा आक्षेप निघाला कीं, आमची वाइन मुरल्यावर खुलते, कॅलिफोर्नियाची तोंवर टिकणारच नाहीं. म्हणून बरोबर तीस वर्षांनीं, २४ मे २००६ रोजीं, त्याच लाल वाइनची लंडन व नापा येथें एकाच दिवशीं पुन्हां परीक्षा झाली. पहिले पांचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले!

आमच्या बैठकींत सहाही जणांनीं मुकाट्यानें गुण लिहिले. बारोलो तेवढी तिच्या फिकट रंगावरून दोघांनीं ओळखली. बेरीज केली तों रिओहा पहिली, नापा दुसरी, आणि ज्या बोर्दोसाठीं पुतण्यानें कित्येक वर्षें जीव टाकला होता ती शेवटची. खुद्द त्यानेंच तिला सर्वांत कमी गुण दिले होते. सारे पोट धरून हसले, तोही हसला.

मला मात्र हसूं आलें नाहीं. प्यालों नसलों तरी वाढतांना मीं चारही पेल्यांचा वास घेतला होता, आणि सर्वांत खानदानी वास बोर्दोचा, असा मनांतल्या मनांत निवाडाही देऊन टाकला होता. ज्याला या विषयांतलें कांहीं कळत नाहीं, अशा मला तो निवाडा सुचला कसा? त्या खोलींत नांवें ठाऊक असलेला मीच एकटा होतों!

आणि त्याबरोबर १९८७ सालची एक गोष्ट आठवली. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याची आई आमच्याच आळींत धुणींभांडीं करी. सहामाहींत त्याच्या निबंधाला मीं वीसांपैकीं अकरा गुण दिले होते. पुढें एक आंतरशालेय स्पर्धा झाली. तींत निबंधावर नांव नसे, केवळ क्रमांक असे, आणि सारे निबंध टंकलिखित. परीक्षकांत मी होतों. एका निबंधाला मीं सतरा गुण दिले व पहिल्या बक्षिसासाठीं आग्रहही धरला. पाकिटें उघडलीं तेव्हां तो त्याचाच निघाला. बक्षीस घेतल्यावर मुलगा माझ्या पायां पडला आणि खालीं पाहून हळूच म्हणाला, “सर, निबंध तोच आहे. सहामाहीचाच.”

तें मला ओळखतां आलें नव्हतें. कां, हें मीं इतकीं वर्षें स्वतःलाही विचारलें नाहीं. ढिगांतला एक निबंध कोणाच्या लक्षांत राहतो, अशी समजूत घालून घेतली. खरें उत्तर त्या संध्याकाळीं रिकाम्या पेल्यांसमोर सांपडलें : सहामाहींत मीं तो निबंध वाचलाच नव्हता. वाचलें होतें तें वहीवरचें नांव.

आमच्या एकत्र कुटुंबांत आमटी कोणत्या सुनेनें केली हें घांस घेण्याआधींच ठाऊक असतें, आणि आमटीची चवही बहुधा तेव्हांच ठरून जाते. तेथें कागद कशाला गुंडाळणार? पण जेथें गुंडाळतां येतो, तेथें तरी मनुष्यानें आळस करूं नये. हल्लीं नातवंडांचे निबंध तपासावयाचे असले म्हणजे मी त्यांना वहीवर क्रमांक घालावयास सांगतों. मुलांना त्याची गंमत वाटते.

तो मुलगा आतां पन्नाशीला आला असेल. जुन्या विद्यार्थ्यांकडून त्याचा पत्ता मिळविला आहे. उत्तर येईल कीं नाहीं, कोण जाणे. पण अकरा गुणांचें खरें कारण त्याला माझ्याच हस्ताक्षरांत कळावें, म्हणून पत्र लिहावयास घेतलें आहे.