धानाच्या विषाणूवर औषध नाही, हे दुकानात कोण सांगणार?

आमच्या गोंदियाकडे धान पिवळं पडलं, खुंटलं की माणूस पानं पिशवीत घालतो आणि कृषी केंद्र गाठतो. मागच्या खरिपात चुलतभावासोबत मीही गेलो होतो. दुकानदाराने पानं धड पाहिलीही नाहीत. झिंकचं एक पाकीट, दोन बाटल्या, पंपाला किती टाकायचं ते तोंडी, आणि बिल. संपलं!

आता जरा नीट बघा. तुडतुड्याने रस शोषून धान जाळणं वेगळं, आणि तुडतुड्याने विषाणू आणून सोडणं वेगळं. पहिल्यात कीड मारून पीक वाचू शकतं. दुसऱ्यात लागण झालेलं रोप कुठल्याच बाटलीने बरं होत नाही. टुंग्रो घ्या. दोन विषाणू मिळून होणारा रोग, हिरवे तुडतुडे तो या चुडातून त्या चुडात नेतात. पानं पिवळी-नारिंगी, वाढ खुंटलेली. झिंक कमी पडलं तरी धान बरंचसं असंच दिसतं. मग नुसत्या नजरेने काय कळणार? आणि उशिरा जहर मारलं की फुकटात तुडतुडे खाणारे बांधीतले कोळी मात्र मरतात.

2022 मध्ये पंजाब-हरियाणात धान जागोजागी बुटकं राहिलं. पंजाब कृषी विद्यापीठाने तपासणी करून कारण शोधलं: 2001 मध्ये दक्षिण चीनमध्ये पहिल्यांदा दिसलेला विषाणू, पांढऱ्या पाठीच्या तुडतुड्यांनी पसरवलेला. लवकर रोवणी केलेल्या शेतांत तो जास्त होता, हेही त्यांनीच सांगितलं. रोवणीची तारीख थोडी पुढे ढकला, या सल्ल्याला पैसे लागत नाहीत. म्हणूनच तो कुठल्या काउंटरवर मिळत नाही.

खरा इलाज बियाण्यात असतो, तोही सरकारी पैशाने झालेल्या कामातून. ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूसाठी फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हजारो वाण तपासले. प्रतिकार सापडला तो आपल्या उत्तर प्रदेशातल्या एका जंगली धानात. त्यातूनच गुरुदेव खुश यांच्या चमूने 1976 मध्ये आयआर-36 दिला. आपल्याकडे मात्र मामा तलाव खोल करताना काठचं देवधान जेसीबीने साफ होतं, कुणी विचारतही नाही.

आमदार-खासदार साहेब, धान खरेदी केंद्राच्या उद्घाटनाला या, जरूर या. पण रोवणीनंतरच्या महिन्यात पानं तपासून "हा विषाणू आहे, फवारू नका" असं लेखी देणारा एक माणूस तालुक्याला द्या. कृषी सहायकाकडे किती गावं आहेत, ते त्यालाच विचारा.