किनाबातांगनच्या काठी

सांदाकान शहर मागे पडलं आणि थोड्याच वेळात खिडकीबाहेर सगळं एकसारखं झालं. माडासारखी झाडं, त्यांच्या सरळ रांगा, चढावर रांगा, उतारावर रांगा. मी रत्नागिरीची. झावळ्यांची सळसळ माझ्या ओळखीची. पण आमच्या वाडीत माडाखाली पोफळ असते, पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असतो, कडेला फणस आणि कोकम. इथे तासभर गाडी धावली तरी दुसरं झाड दिसेना. बोर्निओच्या उत्तर टोकाला असलेल्या साबा या मलेशियन राज्याची जवळजवळ पाचवा हिस्सा जमीन आज तेल्या माडाखाली आहे.

हे झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. १८४८ साली त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली. पुढे त्यांच्याच वंशातून आग्नेय आशियाची लागवड उभी राहिली. आज जगातल्या पाम तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त तेल इंडोनेशिया आणि मलेशिया मिळून काढतात.

सुकाऊ गावी किनाबातांगन नदीकाठच्या एका घरात उतरले. पहाटे होडीतून निघालो. पाण्यावर धुकं होतं. लांब नाकाची माकडं फांद्यांवर अंग चोरून बसलेली. धनेशाची जोडी डोक्यावरून गेली, तिच्या पंखांचा आवाज खाली होडीत ऐकू आला. मन भरून आलं. मग एका वळणावर नावाड्याने हाताने दाखवलं. काठच्या झाडांचा पडदा तिथे इतका विरळ होता की त्यातून पलीकडच्या माडांच्या रांगा मोजता आल्या असत्या. आधी इमारती लाकडासाठी मोठी झाडं गेली, मग उरलेलं रान लागवडीसाठी साफ झालं. २००५ साली इथे सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य जाहीर झालं, पण तेही सलग नाही, तुकड्यातुकड्यांचं आहे. बोर्निओचे ठेंगणे हत्ती एका तुकड्यातून दुसऱ्यात जायला मळ्यांत शिरतात. एका ओहोळावर आगीच्या बंबाच्या जुन्या होजपाईपांचा पूल टांगलेला पाहिला. झाडावरून झाडावर जायला ओरांगउटानला इथे आता मोठं झाडच उरलेलं नाही, म्हणून माणसांनी बांधलेला. त्याच्याकडे मला फार वेळ बघवलं नाही.

दुपारी घरमालकांच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे गेलो. चार हेक्टरांचा मळा. लांब काठीला बांधलेल्या कोयत्याने त्यांनी उंचावरचा घड उतरवला. आमची आकडी आठवली. पण हा घड वीसेक किलोचा, लाल-केशरी, धप्पकन पडला. सुटलेली फळं त्यांच्या पत्नी वाकून वेचत होत्या, कारण तेल त्यांत सगळ्यात जास्त.

"आज कापलं की उद्यापर्यंत गिरणीत पोचायला हवं, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं," ते म्हणाले. एवढ्याशा मालासाठी गिरणी दारात येत नाही. म्हणून घड जातात रस्त्यावरच्या व्यापाऱ्याकडे. तिथे वीस-पंचवीस जणांचा माल एकाच ट्रकमध्ये चढतो. त्या ढिगाजवळ मी उभी राहिले आणि या व्यापाराची खरी अडचण डोळ्यांसमोर आली. यातला कोणता घड जुन्या मळ्यातला आणि कोणता काल तोडलेल्या रानातला, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. शाश्वत पाम तेलासाठी २००४ साली स्थापन झालेली आरएसपीओ ही संस्था २००८ पासून प्रमाणपत्रं देते, पण जगातलं जेमतेम पाचवा हिस्सा तेल त्यात बसतं. त्यातही 'मास बॅलन्स' पद्धतीत प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकाच टाकीत मिसळतं, हिशेब तेवढा कागदावर वेगळा राहतो. युरोपच्या २०२३ च्या कायद्यात ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीचा माल चालत नाही आणि प्रत्येक शेताचं नकाशावरचं ठिकाण द्यावं लागतं. त्याची अंमलबजावणी मात्र पुढे ढकलली गेली.

"युरोपला नकाशा हवा," शेतकरी म्हणाले. "तुमच्या भारताला काय हवं?"

मी खरं तेच सांगितलं. "स्वस्त तेल."

जगात सगळ्यात जास्त पाम तेल विकत घेणारा देश आपला आहे. लहानपणी रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेलं पामतेल मला आठवलं. आता तेच फरसाणात आहे, बिस्किटांत आहे, साबणात आहे. त्यावर बहिष्कार टाका असं मी म्हणणार नाही. हेक्टरी साडेतीन-चार टन तेल देणारं हे झाड आहे. तेवढंच तेल सोयाबीनमधून काढायचं तर सात-आठपट जमीन लागेल, आणि तीही कुठल्यातरी रानातूनच येईल. शिवाय त्या चार हेक्टरांवर एक घर चालतं. पण एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने माल कुठून आला हे विचारूच नये, हे मला चूक वाटतं. आपण विचारलं तर त्या ट्रकपाशी वही ठेवावीच लागेल, आणि वही ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याला दोन पैसे जास्तही द्यावे लागतील.

घरातलं बिस्किटाचं पाकीट उलटं करून पाहा. 'पाम तेल' किंवा 'पामोलिन' लिहिलेलं असेल, तर पाकिटावरच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर एक ओळ पाठवा: हे तेल कोणत्या देशातल्या, कोणत्या गिरणीतलं आहे? मोठे तेलव्यापारी आपल्या गिरण्यांच्या याद्या ठेवतात. त्यामुळे उत्तर देणं बिस्किट कंपनीला शक्य आहे.