साध्या वेलीचे बी

मॉर्निंग ग्लोरीची वेल जपानात आली ती औषध म्हणून. आठव्या शतकाच्या सुमारास चीनमधून तिचे रेचक बी तिकडे गेले. आपल्या वैद्यांचा काळादाणा तो हाच. पुढे एडो नगरीत, म्हणजे आजच्या टोकियोत, १८०४ ते १८३० या काळात आणि पुन्हा १८५० च्या आसपास तिच्या नवलाईच्या फुलांचे वेडच पसरले. झिरमिळ्यांसारख्या, भरगच्च पाकळ्यांची फुले कुंड्यांत मिरवू लागली. परंतु अशा भरगच्च फुलांना बहुधा बी धरत नाही. मग वाण टिकला कसा? माळ्यांनी त्यांच्याच साध्या दिसणाऱ्या भावंडांचे बी जपले. त्यांच्यात लपलेला गुण पुढच्या पिढीत पुन्हा फुलतो.

हे वाचताना आम्हांला आपली कुटुंबे आठवली. एक मुलगा धर्मगुरू होतो, एक मुलगी व्रतस्थ होते; त्यांच्या सोहळ्याला सारा गाव लोटतो. घरी राहून वृद्ध आईवडिलांची सेवा करणारा, मुलाबाळांना घेऊन रोज सायंकाळी जपमाळ म्हणणारा भाऊ मात्र कुणाच्या भाषणात नसतो. प्रभूला वाहिलेले फूल ज्या वेलीवर उमलते, तिचे बी तोच राखतो. गुरुदीक्षेच्या दिवशी एक हार त्याच्याही गळ्यात पडावा, एवढेच आमचे मागणे.