पलीकडून कोण?

आमच्या शाखेतला टेलिफोन माझ्या टेबलावर आहे. त्यामुळे मी वीस वर्षं लोकांची अर्धी संभाषणं ऐकत आलोय. "हो... हो... आलोच..." एवढ्यावरून पलीकडे कोण, यावर शिपाई आणि मी चहाची पैज लावतो. बोलणारा उभा राहिला तर मॅनेजर. आवाज उतरला तर बायको.

असल्या अर्ध्या संभाषणावर नाव काढलेली एक नटी इटलीत होऊन गेली. फ्रांका वालेरी! टीव्हीवर ती 'सोरा चेचोनी' व्हायची. रोमची बडबडी गृहिणी, कानाला फोन, पलीकडे आई. ती आई कुणाला दिसली नाही, ऐकूही आली नाही; पण आहे याची खात्री सगळ्यांना!

बाई मूळची मिलानची, जन्म १९२०, खरं आडनाव नोर्सा. वडील ज्यू. मुसोलिनीने १९३८ मध्ये ज्यूंविरुद्ध कायदे केले, पुढे जर्मन फौजा आल्या. वडील आणि भाऊ स्वित्झर्लंडला निसटले. ही आणि आई मिलानमध्येच लपून राहिल्या. हिच्याकडे ओळखपत्र होतं, तेही खोटं. मी रोज शंभर सह्या पडताळतो. सहीतली एक वेलांटी चुकली तरी चेक परत! ते ओळखपत्र माझ्या खिडकीशी आलं असतं तर? हा विचार मी चहाबरोबर गिळून टाकला.

लढाई संपल्यावर रोमच्या नाट्य अकादमीने तिला नापास केलं. मुलीने नटी होणं वडिलांनाही पसंत नव्हतं, म्हणून कवी पॉल व्हालेरीवरून नवं आडनाव घेतलं. मग रेडिओ, रंगभूमी, सिनेमा. १९५९ च्या 'इल वेदोवो'मध्ये ती श्रीमंत बायको, आणि आल्बेर्तो सोर्दी कर्जात बुडालेला नवरा. तो पैसे मागतो, ही देत नाही. पडद्यावर बँकेची बाजू इतक्या ठामपणे मांडलेली मी दुसरीकडे पाहिली नाही! नवरा तिच्या खुनाचा बेत रचतो आणि स्वतःच मरतो. वसुली मात्र राहते.

'दाविद दी दोनातेल्लो' हा तिथला मोठा चित्रपट पुरस्कार. बाईंना त्यातला विशेष पुरस्कार मिळाला मे २०२० मध्ये, शंभरीला तीन महिनेही उरले नसताना. ३१ जुलैला शंभर भरली, ९ ऑगस्टला गेल्या. आमच्याकडे साठीला घरी पाठवतात, त्यामुळे प्रमोशनसाठी मला तेवढी मुदत नाही.

काल दुपारी गावी आईला फोन लावला. "हो... जेवलो... हो, घेतो गोळ्या... नाही गं, विसरलो नाही..."

"मॅनेजर!" शिपाई पैजेच्या सुरात म्हणाला.

मी खाली पाहिलं. खुर्ची मागे सरकलेली, आणि मी उभा.