तंजावरहून घरी : नाचाच्या घरांची पत्रे

तंजावर, पश्चिम राजवीथी

तंजावरच्या जुन्या राजवाड्याभोवती चार राजवीथी आहेत. त्यांतल्या पश्चिमेच्या वीथीवर एक जुने घर आहे. भरतनाट्याला आजची बांधणी ज्यांनी दिली, त्या चार भावांचे हे घर. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे १८०२ ते १८१० या काळात जन्मले. वडील सुब्बरायन नट्टुवनार होते, म्हणजे हातात झांजा घेऊन बोल म्हणत नर्तकींना नाचवणारे आणि शिकवणारे गुरू. चौघांनी संगीताचे शिक्षण मुत्तुस्वामी दीक्षितरांकडे घेतले आणि दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात चाकरी केली.

त्यांच्या आधीही नाच होता, रचनाही पुष्कळ होत्या. या भावांनी अडवूंची म्हणजे पायाभूत पदन्यासांची सोपानवार मांडणी केली आणि कार्यक्रमाला क्रम लावून दिला. आधी अंग मोकळे करणारे अलारिप्पू, मग जतिस्वरम्, शब्दम्, त्यानंतर नर्तकीच्या ताकदीची आणि अभिनयाची खरी परीक्षा घेणारे वर्णम्, मग पदे आणि शेवटी तिल्लाना. मुंबई-पुण्याच्या वर्गांत मुली जो क्रम शिकतात तो या घरातून निघालेला आहे. भाऊ पुढे पांगले. चिन्नय्या म्हैसूरच्या दरबारी गेले. वडिवेलू त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांकडे गेले आणि व्हायोलिनला कर्नाटक संगीतात जागा मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. महाराजांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले होते. विद्या मात्र कुटुंबातच राहिली. पंदनल्लूरचे मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै याच वंशातले, कंदप्पा पिळ्ळै याच वंशातले आणि अलीकडचे किट्टप्पा पिळ्ळैही.

या वीथीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमच्या मावशींचे भाड्याचे घर आहे. बँकेतल्या बदलीने हे कुटुंब तंजावरात आले. काका आठवड्याच्या शेवटी येतात, मुलगा आठवीत आहे आणि मृदंगाच्या शिकवणीला जातो. तमिळ बोलण्यात तो सर्वांच्या पुढे गेला आहे. घरी सर्वांना कळवण्याजोगी मोठी बातमी मावशींची आहे. पुण्यात गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा दिल्यानंतर बारावीच्या वर्षी सुटलेला नाच त्यांनी इथे पुन्हा धरला आहे. महाराष्ट्रातल्या असंख्य मुलींचा नाच याच वळणावर सुटतो. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा इथपर्यंत घुंगरू पायात असतात; मग दहावी-बारावी येते, नोकरी येते, लग्न येते आणि घुंगरू माळ्यावर जातात. ते पुन्हा खाली काढणाऱ्या बायकांची संख्या अलीकडे दिसण्याइतकी वाढली आहे आणि ती गोष्ट फार मोलाची आहे.

तंजावर, मोठ्या देवळातून

बृहदीश्वराचे देऊळ राजराज चोळाने बांधवले आणि १०१० साली ते पुरे झाले. त्याचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. मावशींच्या घरची संध्याकाळची फेरी बहुधा इथेच होते, कारण ऊन उतरल्यावर आवारातली फरसबंदी बसण्याजोगी होते आणि गावातली निम्मी कुटुंबे मुलाबाळांसह तिथे असतात.

बाहेरच्या भिंतींवर कोरलेल्या लेखांत एक नोंद अशी आहे की नाचाशी नाते असलेल्या कोणालाही ती थांबवून ठेवील. राजराजाने चोळमंडलातल्या निरनिराळ्या देवळांतून ४०० नर्तकी इथे आणून देवळाभोवतीच्या गल्ल्यांत वसवल्या. प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या देवळातून आली, तिचे घर कोणत्या ओळीत कितवे आणि तिला किती भात मिळणार, हे सारे दगडात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या कलावंत स्त्रियांची नावे इतक्या काळजीने नोंदलेली क्वचितच सापडतील.

गर्भगृहाच्या वरच्या मजल्यावरील आतल्या मार्गात नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे हातापायांच्या एकत्रित हालचालींपैकी, ८१ करणे शिल्पांत कोरलेली आहेत. त्यापुढचे दगड कोरे राहिले आहेत. हा मजला सर्वांसाठी खुला नसतो, म्हणून बहुतेकांना ही शिल्पे छायाचित्रांतच पाहावी लागतात.

मराठी माणसाचे पाऊल याच आवारात आणखी एका ठिकाणी थबकते. देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात तंजावरची गादी घेतली आणि हे राज्य १८५५ पर्यंत चालले. दगड तमिळ देशातला, देऊळ चोळांचे आणि ओळी मराठी. आठवीतला मुलगा त्यातली अक्षरे जुळवत वाचतो आणि जिथे अडतो तिथे मावशी पुढे वाचतात.

तंजावर, सरस्वती महाल

राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ, तेलुगू हस्तलिखितांबरोबर मराठी हस्तलिखितांचा आणि मोडी कागदांचा मोठा साठा आहे. तंजावरच्या भोसल्यांना राज्यविस्ताराला फारसा वाव नव्हता. विद्येकडे आणि कलांकडे मात्र त्यांनी मनापासून लक्ष दिले. तंजावरचे शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी तेलुगू आणि मराठीत नाटके लिहिली. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ काही अभ्यासक मराठीतले पहिले नाटक मानतात. पहिल्या तुळजाराजांनी ‘संगीतसारामृत’ हा ग्रंथ रचला आणि त्यात नृत्याचाही विचार केला.

दुसऱ्या सरफोजीराजांचे काम नर्तकांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे आहे. त्यांच्या नावावर मराठी निरूपणे आहेत. एका निरूपणात एक कथा अनेक नृत्यरचनांतून उलगडते आणि त्या साऱ्या रचना एकाच रागात व एकाच तालात बांधलेल्या असतात. जयजय, शरणू, अलारू, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, त्रिपुट असे निरूपणाचे भाग. चार भावांनी ठरवलेल्या क्रमात प्रत्येक रचना स्वतंत्र असते. इथे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कथेचा एकच धागा ओवलेला आहे. भरतनाट्य तमिळ आणि तेलुगू शब्दांवरच नाचायचे, ही समजूत मराठी घरांत पक्की बसलेली आहे. ती या कागदांनी पुरती दूर व्हायला हवी.

ही निरूपणे कागदावरून रंगमंचावर आणण्याचे श्रेय मुंबईचे गुरू पार्वतीकुमार यांचे आहे. पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर त्यांच्या शिष्या. पुढे त्या किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिकल्या आणि तंजावरच्या मराठी रचना त्यांनी सातत्याने मांडल्या. पश्चिम राजवीथीवरच्या घराची विद्या आणि राजवाड्यातले मराठी शब्द या वाटेने पुण्यात पुन्हा एकत्र आले.

दुसरी वाट बडोद्याची. तंजावरच्या लक्ष्मीबाई १८८० साली सयाजीराव गायकवाडांच्या राणी झाल्या, सासरी त्यांचे नाव चिमणाबाई. त्यांच्यामागे तंजावरहून नर्तकी आणि नट्टुवनार यांचा ताफा बडोद्याला आला. त्यांतल्या कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजोरकर पुढे तिथेच गुरू म्हणून नावाजले. एका मुलीचे सासर बदलले आणि तिच्याबरोबर एक अख्खी नृत्यपरंपरा गुजरातेत रुजली.

ज्या स्त्रियांनी हे सारे शतकानुशतके जपले त्यांच्या वाट्याला शेवटी अपमान आला, हे या इतिहासातले सर्वांत दुखरे पान आहे. राज्य गेले, दरबारी आश्रय आटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाचाविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९४७ च्या मद्रास कायद्याने मुली देवाला वाहण्याची प्रथा बंद झाली. प्रथा बंद होणे गरजेचेच होते. तिच्यात मुलींचे आयुष्य त्यांना न विचारता ठरत असे. पण त्याबरोबर या घरांतली कलाही लाजेची गोष्ट ठरवली गेली, हा उघड अन्याय होता. दरम्यान १९३० नंतरच्या दशकात नाचाचे ‘सदिर’ हे जुने नाव मागे पडून ‘भरतनाट्य’ हे नाव रुळले. रुक्मिणीदेवी अरुंडेल मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्याकडे शिकल्या, १९३५ साली त्यांनी अड्यारला नृत्य सादर केले आणि १९३६ साली कलाक्षेत्र स्थापले. त्याच काळात तंजावर दरबाराच्या नर्तकी पापम्माळ यांच्या वंशातल्या बालसरस्वती आपल्या घराण्याचा अभिनय घेऊन उभ्या होत्या. कंदप्पा पिळ्ळै हे त्यांचे गुरू. आजच्या प्रत्येक वर्गावर या दोन्ही वाटांचे ऋण आहे. त्यातले बालसरस्वतींच्या घराण्याचे ऋण कमी बोलले जाते.

तिरुवैयारू आणि मेलत्तूर

तिरुवैयारू तंजावरहून सुमारे १३ किलोमीटरवर कावेरीकाठी आहे. पोंगल होऊन भाताची कापणी झाली की इथल्या खाचरांत उडीद आणि मूग पेरतात, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही बाजू पुन्हा हिरव्या दिसतात. इथे त्यागराजांची समाधी आहे. त्यांच्या आराधनेला देशभरचे गायक-वादक जमतात. समाधीवर देऊळ उभारण्यासाठी आपली मिळकत खर्च करणाऱ्या बंगळूर नागरत्नम्मा देवदासी कुळातल्या होत्या आणि आराधनेत स्त्रियांना गाता यावे यासाठी त्यांना झगडावे लागले. सहलीला येणाऱ्या मुलांना त्यांची गोष्ट त्यागराजांच्या गोष्टीइतक्याच आदराने सांगावी.

मेलत्तूर त्याहून लहान गाव. नरसिंह जयंतीच्या सुमारास इथे रात्रभर भागवत मेळा चालतो. नाटके तेलुगू, मेलत्तूर वेंकटराम शास्त्रींची, आणि त्यांत ‘प्रह्लादचरित्रम्’ मुख्य. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात आणि नटांत गावातल्या ठरावीक घराण्यांची माणसे असतात. नोकऱ्यांसाठी शहरांत गेलेले मुलगे जयंतीच्या आधी सुट्टी काढून तालमीला परततात.

तंजावर, घरून

मावशींचे घरमालक तंजावरी मराठी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या या घरांत बाहेर तमिळ आणि आत मराठी असा व्यवहार चालतो. त्या मराठीत जुने शब्द टिकून आहेत आणि तिला तमिळचा हेलही आहे. पुण्याहून आलेल्यांना ती ऐकायला दोन-चार वाक्ये लागतात, मग कान सरावतो. सणाला पुरणपोळी होते आणि एरवी पानात दह्यातले डांगर असते. मराठी कीर्तनाचाही इथल्या मातीवर ठसा आहे. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांकडून तंजावर कृष्ण भागवतरांनी ती रीत आत्मसात केली, म्हणून तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आजही ऐकू येतात.

मावशींचा सराव पहाटे स्वयंपाकाच्या आधी होतो. पुन्हा सुरुवात अगदी मुळापासून करावी लागली. गुरू लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल धरतात, त्या साधनाला तट्टुकळी म्हणतात, आणि शिष्य अरमंडीत म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसलेल्या स्थितीत तट्टअडवू तीन लयींत करतात. वीस-पंचवीस वर्षांच्या खंडानंतर काय परत येते याचा एक ठरलेला क्रम दिसतो. हस्तमुद्रा आणि ताल लवकर येतात, बोलही ओठांवर येतात. पोटऱ्या, मांड्या आणि दम यांना वेळ लागतो. त्यामुळे प्रौढ शिष्यांना गुरू सुरुवातीला तिसरी लय देत नाहीत, अरमंडी फार खोल नेऊ देत नाहीत आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेतच वळतो की नाही यावर बारीक लक्ष ठेवतात. कडक फरशीवर जोराने पाय आपटण्याऐवजी पूर्ण तळवा सपाट टेकवणे शिकवले जाते. अभिनयात मात्र प्रौढपणाचा फायदाच होतो. तेराव्या वर्षी पदातली वाट पाहणारी नायिका पाठ करून उभी केलेली असते; पंचेचाळिशीत ती आतून समजते.

घरात यासाठी थोडी व्यवस्था बदलली आहे. सकाळचा डबा मुलगा स्वतः भरतो आणि वर्गाच्या दिवशी संध्याकाळचा भात घरमालकीणबाई लावतात. मुलाने मृदंगावर आदितालाचा ठेका बसवला आहे, त्यामुळे जतिस्वरम्‌ची उजळणी आता घरीच होते.

चिदंबरम

चिदंबरमात शिव नटराजाच्या रूपात मूळ गाभाऱ्यात पुजला जातो. इथल्या गोपुरांत १०८ करणे कोरलेली आहेत आणि पूर्व-पश्चिम गोपुरांत शिल्पांबरोबर नाट्यशास्त्रातले श्लोकही आहेत. तंजावरला जे कोरे राहिले ते इथे पुरे झाले, आणि तेही गोपुराच्या वाटेत, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही दिसेल असे. आयाबाया मुलांना कडेवर घेऊन करणांखालून जातात, वर्गाच्या मुली मात्र थांबून हात-पाय ताडून पाहतात.

महाशिवरात्रीला धरून होणारा नाट्यांजली उत्सव १९८१ साली सुरू झाला. देशाच्या सर्व भागांतून नर्तक येतात, नामवंतांबरोबर लहान गावांतले वर्गही येतात. एकाच रांगेत शाळकरी मुली आणि केसांत रुपेरी छटा असलेल्या बायका दिसतात.

मावशींच्या गुरूंनी त्यांना यंदा सरफोजींच्या एका निरूपणातला ‘शब्द’ हा भाग शिकवायला घेतला आहे. बोल मराठी असल्याने अर्थ समजावण्याची गरज पडत नाही. उलट उच्चारांसाठी गुरूच त्यांना विचारतात. तो बसला की नवरात्रात घरमालकांच्या गोलूपुढे, म्हणजे पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे, तो सादर करायचे ठरले आहे. मृदंगावर मुलगा बसणार, झांजा गुरू धरणार. घरच्या मंडळींनी तेव्हा यावे असा मावशींचा आग्रह आहे आणि पुण्याच्या घरी माळ्यावर ठेवलेले त्यांचे जुने घुंगरू येताना घेऊन यावेत, असेही त्यांनी सांगितले आहे.